तात्पुरती म्हणून धरलेली नोकरी आणि देवाचे पाचारण

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम जय ख्रिस्त. माझे वय 47. आमचे घराणे मूळचे अहमदनगर भागातले. आजोबा मिशनच्या कामानिमित्त इंदूरला आले आणि इथलेच झाले. रविवारची उपासना हिंदीत होते, घरी मात्र आम्ही मराठी पवित्र शास्त्रच वाचतो. विशीत असताना एका युवक शिबिरात मी पूर्णवेळ सेवेसाठी स्वतःला देवाला वाहून दिले होते. पुढे वडील अचानक गेले, दोन बहिणींची लग्ने व्हायची होती, म्हणून दवा बाजारातल्या एका होलसेल औषध दुकानात तात्पुरती नोकरी धरली. त्या तात्पुरत्या नोकरीला आता 24 वर्षे झाली. दिवसभर बिले करायची, बॅच नंबर आणि एक्स्पायरी तपासायची, झाबुआ-अलीराजपूरकडची पार्सले बांधून गंगवाल बसस्टँडवर पोहोचवायची. उन्हाळ्यात इन्सुलिनच्या खोक्यात बर्फाची पाकिटे आणि कुप्या यांच्यामध्ये पुठ्ठा घालायचा, कारण इन्सुलिन गोठले की वाया जाते. असल्या बारीकसारीक गोष्टींत माझे आयुष्य गेले. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लोक उभे राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केले याची साक्ष देतात. माझ्याकडे सांगण्यासारखी साक्षच नाही. मालक वाईट नाहीत, पण एक्स्पायरी जवळ आलेला माल आधी आदिवासी भागातल्या लहान दुकानांकडे लावायचा असा त्यांचा कल असतो, आणि ते बिल मीच करतो. उपासना चालू असतानाही ऑर्डरचे फोन येत राहतात. गेले काही महिने पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि वाटते, आपण देवाला दिलेला शब्द मोडला. नोकरी सोडून या वयात बायबल कॉलेजला जावे का? पत्नी म्हणते, मुलीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबा.

— एक वाचक, इंदूर

उत्तर

प्रिय बंधू, सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी सरळ देते: आत्ता राजीनामा देऊ नका. मुलीची फी आणि घरखर्च ही कारणे आहेतच आणि ती हलकी नाहीत, परंतु माझे मुख्य कारण वेगळे आहे. देवाची सेवा दवा बाजाराच्या बाहेर कुठेतरी सुरू होते आणि तुम्ही 24 वर्षे तिच्या दाराबाहेर उभे आहात, असे तुमच्या संपूर्ण पत्रात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक जोवर मनात आहे तोवर तुम्ही बायबल कॉलेजात गेलात, पाळक (पास्टर) झालात, तरी तेथेही मंडळीचे हिशेब, छपराची गळती आणि समितीच्या बैठका हे सारे तुम्हाला खऱ्या सेवेच्या आड येणारे वाटेल. म्हणून निर्णयाकडे येण्याआधी या समजुतीकडे पाहू.

तुम्ही पत्रात जाता जाता, जवळजवळ तक्रारीच्या सुरात, इन्सुलिनच्या खोक्यातल्या पुठ्ठ्याचा उल्लेख केला आहे. मी त्या वाक्याशी बराच वेळ थांबले. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या पुढे गेला की बसच्या टपावरच्या खोक्यात बर्फ हवाच. पण तोच बर्फ कुपीला थेट टेकला तर आतले औषध गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरण्याजोगे राहत नाही. पुन्हा, अशी बिघडलेली कुपी डोळ्यांना नेहमी ओळखू येतेच असे नाही. अलीराजपूरकडच्या एखाद्या गावात इन्सुलिनवर जगणारी आठ-दहा वर्षांची मुलगी असेल. तिच्या आईला ना तुमचे नाव ठाऊक, ना तुमचे दुकान. तिच्या हातात येणारी कुपी चांगली निघते, कारण तिच्यापासून कितीतरी कोस दूर कोणीतरी घाईच्या वेळीही पुठ्ठा कापून मध्ये घातला होता. तुम्ही तो विसरला असता तर बहुधा कोणालाही कळले नसते. पार्सल गेले असते, बिल्टी फाइलला लागली असती, पगारही झाला असता. जिथे कोणी पाहत नाही आणि जिचे भले होणार तिची ओळखही नाही, तिथे केलेले नीट काम म्हणजे शेजाऱ्यावरची प्रीती नाही, तर मग प्रीती कशाला म्हणायचे?

वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उचलून उतारशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त तुम्हाला पाठ असेल. आपण सगळे त्यात शोमरोन्याकडे पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण लूकच्या दहाव्या अध्यायात त्या गोष्टीच्या शेवटी उतारशाळेचा एक चालक आहे, ज्याच्या हातावर दोन नाणी ठेवून शोमरोनी पुढच्या वाटेला लागतो. जखमी माणसाची पुढच्या दिवसांतली शुश्रूषा, खाणेपिणे, रात्रीची जाग हे सगळे त्या माणसाकडे आले. तो पैसे घेऊन काम करत होता. ते त्याचे रोजचेच काम होते. प्रभूने त्याचे नावही सांगितलेले नाही. तरीही तो नसता तर शोमरोन्याची दया अर्ध्या वाटेवर संपली असती. मोबदला घेतल्याने काम सेवा उरत नाही, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. प्रेषित पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याच्या धंद्यात हात घालत होता, आणि त्या तंबूंचे पैसे घेत होता.

आता ‘तात्पुरती’ या गोष्टीकडे येते, कारण तुमच्या दुःखाचे मूळ मला तेथे दिसते. आपल्या बहुतेक ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29 व्या अध्यायातले अकरावे वचन असते: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत, असे देव म्हणतो. हे वचन एका पत्रातले आहे, आणि ते पत्र बाबेलमध्ये बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. त्या लोकांना वाटत होते की आपला इथला मुक्काम चार दिवसांचा. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळे परत जाणार. असे ऐकल्यावर कोण घर बांधेल, कोण झाड लावेल? लोक गाठोडी बांधूनच बसले असणार. यिर्मया त्यांना कळवतो की 70 वर्षे लागतील. आणि या वाईट बातमीच्या अगोदर, पत्राच्या पाचव्या ते सातव्या वचनांत, काय करायचे ते देवाच्या शब्दांत सांगतो: घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा व प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. ते नगर यरुशलेम नव्हते, परक्यांचे होते, नको असताना वाट्याला आले होते. तरी देवाच्या हिताच्या संकल्पाची सुरुवात तेथेच, मळा लावण्यापासून होणार होती.

तुम्ही 24 वर्षे दवा बाजारात गाठोडे बांधून बसला आहात, बंधू. काम प्रामाणिकपणे केले, पण मन तेथे राहायला गेलेच नाही. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. ज्याला बावीस-तेविसाव्या वर्षी वडिलांच्या मागे घर उचलावे लागले त्याला असे होणे स्वाभाविक आहे. पण आता 47 व्या वर्षी मन तेथे राहायला नेणे शक्य आहे. दुकानात कोण कोण काम करते, माल उतरवणारा हमाल कोणत्या काळजीत आहे, बसस्टँडवर पार्सल घेणाऱ्या कंडक्टरच्या घरी काय चालले आहे, झाबुआच्या कोणत्या दुकानदाराची उधारी थकली आहे आणि का, हे तुम्हाला बहुधा ठाऊक असेलच. ही माणसे तुमच्या प्रार्थनेत नावाने येतात का? तुमच्या बिलांच्या पुस्तकात गावांची नावे ओळीने लिहिलेली असतात: मेघनगर, थांदला, जोबट, कुक्षी. सकाळी शटर उघडल्यावर त्या दिवसाच्या ऑर्डरींवर नजर टाकताना एकेका गावासाठी एकेक वाक्य प्रभूपुढे मांडायला दोन मिनिटेही लागत नाहीत. नगराच्या हितासाठी झटा आणि प्रार्थना करा, ही आज्ञा तुमच्या टेबलावर अक्षरशः यादी होऊन पडलेली आहे.

दिलेला शब्द मोडला, असे तुम्हाला पहाटे वाटते. या बाबतीत मला ठामपणे बोलायचे आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू काही धार्मिक पुढाऱ्यांवर फार कडक शब्दांत तुटून पडतो. ते लोक आपली मिळकत ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, म्हणून जाहीर करत आणि त्या सबबीवर आईबापांना द्यायचे ते देत नसत. देवाला वाहिलेल्या शब्दाचे निमित्त करून आईबापांची आबाळ करणे म्हणजे देवाची आज्ञा रद्द करणे, असे त्याने त्यांना तोंडावर सांगितले. आता विचार करा: वडिलांच्या मागे, विधवा आई आणि दोन बहिणी उघड्यावर असताना, तुम्ही शिबिरातल्या संकल्पाकडे बोट दाखवून बायबल कॉलेजला निघून गेला असता, तर ते प्रभूला आवडले असते का? तुम्ही घर उचललेत ते आज्ञापालन होते. शिबिरात वेदीपुढे उभ्या राहिलेल्या त्या तरुणाने स्वतःला देवाला दिले, आणि देवाने त्याला दिलेले पहिले काम म्हणजे आईचे घर चालवणे. शब्द मोडला गेला नाही. त्याची पूर्तता तुम्ही मनात रंगवली होती तशी झाली नाही, इतकेच. त्याची हळहळ वाटते, आणि ती वाटू द्यावी. ती देवाजवळ रडून बोलावी. पण हळहळ म्हणजे अपराध नव्हे, आणि जो अपराध घडलेलाच नाही त्याची शिक्षा पहाटे तीन वाजता स्वतःला देत राहणे प्रभूने तुमच्याकडून मागितलेले नाही.

साक्षीविषयी. मंडळीत साक्ष देणाऱ्यांचा मला आदर आहे, परंतु आपल्या मंडळ्यांनी नकळत एक वाईट सवय लावून घेतली आहे: ज्या साक्षीत दारू सुटली, आजार बरा झाला, अपघातातून जीव वाचला किंवा मोठी नोकरी सोडली, तिलाच आपण साक्ष समजतो. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा. हे पत्र शतकानुशतके विद्वान वाचत आले आहेत. त्याने मंडळीचा इतिहास बदलला. त्याच्या शेवटी बाविसाव्या वचनात मध्येच एक अनोळखी आवाज येतो: हे पत्र लिहून देणारा मी तर्तियस तुम्हाला सलाम सांगतो. पौल सांगत होता आणि हा लेखनिक उतरवून घेत होता. पुढच्याच वचनात एरास्त आहे, नगराचा खजिनदार, म्हणजे हिशेबाचा माणूस. आणि अध्यायाच्या आरंभी किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी आहे, जिच्या हाती हे पत्र रोमला पोहोचले असे मानले जाते. एकाने लिहून घेतले, एकीने पोहोचवले, एक नगराचा पैसा सांभाळत होता. लिहिणे, पाठवणे, हिशेब: तुमचा दिवसही याच तीन कामांत जातो. पवित्र आत्म्याने ही नावे गाळली नाहीत.

तुम्ही कदाचित म्हणाल की आपल्या इंदूरजवळच उदयनगरला सिस्टर राणी मारिया होऊन गेल्या, त्यांच्यापुढे माझे काय. त्या कॅथलिक धर्मभगिनी होत्या; 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली, आणि 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने त्याला राखी बांधली, हे ऐकून आजही मन थरारते. पण त्यांच्या मरणाच्या आधीची वर्षे पाहा. सावकाराच्या कचाट्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून त्यांच्याबरोबर खेटे घालणे, बचत गट उभे करणे, सरकारी योजनांची माहिती गावोगाव सांगणे, असे त्यांचे काम होते. म्हणजे अर्ज, कागदपत्रे, वह्या आणि बसचा प्रवास. त्यांचे मरण ज्यातून उगवले ते जगणे असे कागदांनी भरलेले होते. आपल्या पंडिता रमाबाईंचेही तसेच. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या, आणि अनाथ मुली व विधवांना घेऊन केडगावला गेल्या. पुढे तेथे शेती, विणकाम, छपाई अशी कामे उभी राहिली. त्यांनी मूळ भाषांतून केलेल्या मराठी पवित्र शास्त्राच्या छपाईसाठी खिळे, म्हणजे छापायची धातूची अक्षरे, जुळवण्याचे काम तेथल्याच स्त्रियांनी केले. खिळ्यामागून खिळा उलटा लावत बसणाऱ्या त्या मुलींपैकी कोणाचीही साक्ष कोणी लिहून ठेवली आहे असे मला माहीत नाही, पण त्या वचनांची पाने त्यांच्या बोटांखालून गेली.

इथे मात्र मला स्वतःलाच थोडे अडवले पाहिजे, कारण एवढे सगळे ऐकून तुम्ही असा अर्थ काढाल की माझे कामही महत्त्वाचे आहे, म्हणून मीही महत्त्वाचा. तसे असेल तर उद्या दुकान बंद पडले, हात थरथरू लागले, तर तुम्ही कोण उराल? लूकच्या तिसऱ्या अध्यायात येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीवर आकाशवाणी होते: तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. त्या वेळी येशू सुमारे तीस वर्षांचा होता. तोवर त्याने एकही चमत्कार केल्याचे, एकही प्रवचन दिल्याचे शुभवर्तमानांत नोंदलेले नाही. नासरेथात लोक त्याला सुतार म्हणून ओळखत. पित्याचा संतोष कामगिरीच्या आधी आला. तुमचा बाप्तिस्मा त्याच ख्रिस्तात झाला आहे, म्हणून तुमच्यावरही ती प्रीती आधी आहे, नोकरी नंतर, सेवा नंतर, साक्ष नंतर. ही गोष्ट पक्की झाली की काम हलके होते, कारण मग त्याने तुमची किंमत सिद्ध करायची उरत नाही. ते फक्त शेजाऱ्याच्या उपयोगी पडले की पुरे.

आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडणे हीच कसोटी असेल, तर एक्स्पायरी जवळ आलेल्या मालाच्या बिलाबद्दल बोलावेच लागेल. तुम्ही ते ओझरते लिहिले आहे, पण लिहिले आहे, यावरून ते तुम्हाला सलते आहे हे उघड आहे. जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांस पत्रातले वचन आपण कामाविषयी नेहमी सांगतो. ते वचन दासांना उद्देशून आहे, आणि मालकांनी शतकानुशतके ते नोकरांना गप्प बसवण्यासाठी वापरले. पण त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायाचे पहिले वचन मालकांना सांगते की न्यायाने व समतेने वागा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे. म्हणून ‘प्रभूसाठी काम’ याचा अर्थ मालक सांगेल ते बिल निमूटपणे फाडणे असा होत नाही. मुदत शिल्लक असलेले औषध विकणे बेकायदा नाही, हे मला मान्य आहे. मात्र ज्या लहान दुकानात माल सावकाश खपतो तेथेच कमी मुदतीचा माल पाठवायचा, याचा परिणाम उघड आहे: एक तर तो गरीब दुकानदार नुकसान सोसणार, नाही तर मुदत संपलेली पट्टी कोणा आजाऱ्याच्या हातात पडणार.

तुमच्या हातात काय आहे ते पाहा. मालकांशी दुकान बंद होण्याच्या वेळी, चारचौघांत नव्हे, एकट्याने बोला. तुम्ही त्यांच्याकडे 24 वर्षे आहात. नव्या पोराचे ऐकणार नाहीत, तुमचे ऐकतील अशी शक्यता बरीच आहे. आरोप न करता सांगा की कमी मुदतीचा माल जिथे रोज खप आहे अशा इंदुरातल्या मोठ्या दुकानांकडे आधी वळवू, आणि बाहेरगावी पाठवावा लागलाच तर दुकानदाराला आधी फोन करून मुदत सांगू व न खपल्यास परत घेण्याची कबुली बिलावरच लिहू. यात दुकानाचे नाव टिकते, हे व्यापारी माणसाला पटणारे कारणही आहे आणि ते खरेही आहे. त्यांनी नकार दिला तरी फोन करून मुदत सांगण्यापासून तुम्हाला कोण अडवणार? आणि उद्या मुदत संपलेलाच माल लावायला सांगितले, तर ते बिल तुम्ही करायचे नाही, त्यापायी नोकरी गेली तरी. पूर्णवेळ सेवेसाठी नोकरी सोडण्यापेक्षा या कारणासाठी ती पणाला लावावी लागली, तर मी तुमच्या पाठीशी उभी राहीन.

रविवारचे फोन बंद करा. पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात विश्रांतीच्या आज्ञेचे कारण दिले आहे की तुम्ही मिसर देशात दास होता. म्हणजे जो थांबू शकत नाही तो अजून मुक्त झालेला नाही. शनिवारी संध्याकाळी ठरलेल्या दुकानदारांना निरोप पाठवा की रविवारी फोन लागणार नाही, अगदी जीवनमरणाची निकड असेल तर अमुक नंबरवर करावा. औषधाच्या धंद्यात तेवढी सोय ठेवणे योग्यच आहे. बाकीच्या ऑर्डरी सोमवारपर्यंत थांबतात.

पहाटेच्या जागेबद्दल मला खरी काळजी वाटते. महिनोन्महिने ठरावीक वेळी झोप मोडणे आणि लगेच अपराधाचे विचार येणे, हे नेहमीच आत्मिक कारणाने होते असे नाही. ते नैराश्याचे लक्षणही असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. राजांच्या पहिल्या पुस्तकात, 19 व्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी देतो, मध्ये झोपू देतो, आणि संवाद पुढे होरेब डोंगरावर होतो. तुम्ही औषधांच्या बाजारात वावरता, डॉक्टरांची नावे तुम्हाला तोंडपाठ असतील. या आठवड्यात एखाद्या चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या आणि पत्नीला बरोबर न्या. एलीयासारखे मरणाचे विचार मनात येत असतील तर आठवड्याचीही वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. डॉक्टरकडे जाण्याने विश्वास कमी पडला असे होत नाही, हे दुसऱ्यांची औषधे बांधणाऱ्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

रात्री झोपण्यापूर्वीसाठी एक जुनी शिस्त सुचवते. सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सोबत्यांना दिवसाकडे प्रार्थनेत मागे वळून पाहायला शिकवले. ते कॅथलिक होते म्हणून आपण ही रीत टाकून देण्याचे कारण नाही. आधी उपकार माना, अगदी नेमक्या गोष्टींसाठी. मग प्रकाश मागा. मग सकाळपासूनचा दिवस क्रमाने पाहा, कोठे प्रीतीने वागलो, कोठे चुकलो. चुकले त्याची क्षमा मागा. आणि उद्यासाठी मदत मागा. दहा मिनिटे पुरतात. तुमच्यापुरती मी एक अट घालते: वीस वर्षांपूर्वीचा हिशेब यात काढायचा नाही, फक्त आजचा दिवस पाहायचा.

बायबल कॉलेजचे दार मी बंद करत नाही. देव 47 व्या वर्षीही बोलावतो. पण आपल्या मंडळीच्या रीतीप्रमाणे पाचारण एकट्याने ठरवायचे नसते. मंडळी ते पारखते. पाळकसाहेबांना भेटा आणि शिबिरातल्या संकल्पासकट सगळे सांगा. नोकरी सांभाळून घरी बसून करता येतील असे शास्त्राभ्यासक्रम असतात, त्यांची त्यांच्याकडे चौकशी करा. दवाखान्यात आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरच्या प्रार्थनासभा, शब्बाथशाळेतला (संडे स्कूलमधला) एखादा वर्ग, यांतले एक काम वर्षभर करून पाहा. त्यात मंडळीला तुमच्यात पाळकाची देणगी दिसली आणि तुमचा ओढाही टिकला, तर मुलीचे शिक्षण संपेपर्यंत तुमची तयारीही झालेली असेल. वहिनींचे म्हणणे मला अडथळा वाटत नाही. 24 वर्षे ज्या घरासाठी तुम्ही खपलात त्या घराचा अर्धा भार त्यांनी वाहिला आहे, तेव्हा या निर्णयात त्यांचा आवाज तुमच्याइतकाच मोजला गेला पाहिजे. हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

आधी डॉक्टर, मग मालक, मग पाळकसाहेब, या क्रमाने भेटा, आणि मालक काय म्हणाले ते मला अवश्य कळवा.